मद, माज आणि पान्हा

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडची सीमा ओलांडून वीस-बावीस रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला. धानोरा, कुरखेडा, आरमोरी, वडसा या भागांत धानाच्या बांध्यांतून तो फिरू लागला आणि झाडीपट्टीच्या बातमीदारांवर कित्येक पिढ्यांनंतर हत्तींविषयी रोज लिहिण्याची पाळी आली. लिहिताना शब्दांची ओढाताण झाली. सुळेवाल्या नरासाठी ‘टस्कर’ हा शब्द कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या बातम्यांनी आधीच रुळवून ठेवला होता, तो आयता मिळाला. कळपावर नजर ठेवून त्याला गावापासून दूर नेणारी ‘हुल्ला पार्टी’ बंगालातून आली, ती आपल्या नावासकट. आणि पिल्लाला पोटाखाली घेऊन चालणाऱ्या हत्तिणीसाठी छापून आले, ‘मादी हत्ती’.

मला हा शब्द खटकतो. हस्तिनीचे हत्थिणी आणि हत्थिणीचे हत्तीण असा दोन हजार वर्षांचा सरळ रस्ता असताना ही आडवाट कशाला? पण थोडे खोल गेल्यावर लक्षात येते की दोष एकट्या बातमीदाराचा नाही. हत्तिणीकडे आपल्या भाषेने पूर्वीपासूनच जरा कमी पाहिले आहे.

नराच्या बाबतीत भाषेने हात आखडता घेतलेला नाही. वयात आलेल्या नराच्या डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून वर्षातले काही आठवडे काळपट, चिकट स्राव गालावर ओघळतो. या काळात रक्तातले टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढते आणि रोजच्या माहुतालाही तो जुमानत नाही. संस्कृताने तो स्राव, ती अवस्था आणि तिच्यातून येणारी गुर्मी या तिन्हींना एकच नाव दिले: मद. मद् या धातूत आनंद आहे, नशा आहे आणि तोल सुटणेही आहे. मत्त, उन्मत्त, उन्माद, प्रमाद, मदिरा, मदन हे सगळे त्याचेच गोत. फारसीतला मस्त हा या मत्तचा सख्खा भाऊ. मूळ रूप एकच. त्यातल्या द् आणि त् यांची गाठ पडली तेव्हा भारतीय बाजूला त्याचा त्त झाला आणि इराणी बाजूला स्त. पुढे हा मस्त दरबारी भाषेबरोबर हिंदुस्थानात आला, इथल्या हत्तीखान्यात शिरला, इंग्रजांनी तो उचलला, आणि आज जगभरचे प्राणिशास्त्र हत्तीच्या मदाला ‘मस्थ’ म्हणते. आपण मात्र तोच शब्द मिसळीला, पावसाला आणि दुपारच्या झोपेला लावून मोकळे झालो.

संस्कृत कवींचा एक जुना संकेत आहे: मद गळणाऱ्या हत्तीच्या गंडस्थळावर भुंगे घोंगावतात. शाळेत आम्ही हे कविकल्पनांच्या खात्यात टाकले होते. २००२ मध्ये रासमुसेन या अमेरिकी संशोधक बाई, त्यांच्या सहकारी आणि तमिळनाडूचे नामवंत हत्तीवैद्य डॉ. व्ही. कृष्णमूर्ती यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून कळले की नुकत्याच वयात येणाऱ्या नराच्या मदाला खरोखरच मधासारखा गोड वास असतो. वय वाढते तसा तो उग्र आणि घाणेरडा होत जातो. तेव्हा भुंग्यांबद्दल कवींना यापुढे जरा आदराने वागवावे.

मदाची मराठी शाखा आणखी गमतीची आहे. माद्यति या क्रियापदाचे प्राकृतात मज्जइ झाले आणि त्यातून आपले माजणे आले. शेतात तण माजते, गावात पुढारी माजतो, आणि दोघांचा माज उतरवावा लागतो. पण गोठ्यात पाऊल टाकले की या शब्दाचे लिंगच बदलते. तिथे माज असतो गायीचा. ‘गाय माजावर आली’ हे वाक्य चंद्रपूरचा शेतकरी कुठलाही संकोच न ठेवता बोलतो. रणांगणातला नर हत्ती आणि गोठ्यातली गाय, दोघांच्या अंगातल्या रसायनांची खळबळ लोकांनी एकाच धातूत बसवली. पशुवैद्यांच्या बोलण्यात आणखी एक सुरेख जोडशब्द आहे, मुका माज. जनावर माजावर तर आले आहे, पण हंबरत नाही, बेचैन होत नाही, बाहेरून काहीच कळत नाही.

हत्तिणीचा माज असा मुकाच असतो. तिचे ऋतुचक्र तेरा ते सतरा आठवड्यांचे, सस्तन प्राण्यांत फार लांब. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट. बीज सुटण्यासाठी मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून जी संप्रेरकाची लाट यावी लागते, ती हत्तिणीत तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा येते. पहिल्या लाटेला बीज सुटतच नाही. सुटते ते दुसऱ्या लाटेला. माणसाला यातले काही दिसत नाही. नर मात्र तिचे मूत्र सोंडेच्या टोकाने टिपतो, टाळूपाशी नेतो आणि निकाल समजून घेतो. त्या मूत्रातला गंध नेमका कोणत्या रेणूचा, हे रासमुसेनबाईंच्याच चमूने १९९६ मध्ये दाखवून दिले, आणि सगळे थक्क झाले, कारण शंभरावर जातींच्या पतंगांच्या माद्या नराला बोलावण्यासाठी तोच रेणू वापरतात. चार टनांचा प्राणी आणि दिव्यावर झेप घेणारा पतंग एका हाकेला ओ देतात.

आता संस्कृत कोशांत हत्तीण शोधू. नराला गज, कुंजर, वारण, मातंग, द्विप, दंती, करी अशी नावांची रांग. तिच्या वाट्याला करिणी, करेणू, आणि पुढे अमरकोशात दोन नावे येतात ती चक्क गोठ्यातली आहेत: धेनुका आणि वशा. वशा ही वेदांत गाय आहे. धेनूत धे हा धातू आहे, त्याचा अर्थ दूध पिणे, पाजणे. म्हणजे हत्तिणीला आईपण द्यायचे तर गायीकडून शब्द उसना घ्यावा लागला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्ती पकडण्याचे नियम आहेत. कोणते पकडू नयेत, या यादीत लहान पिल्लू, बिनसुळ्याचा, रोगी यांच्याबरोबर गाभण हत्तीण येते आणि पिल्लाला पाजणारी धेनुकाही येते. राजाला लढाईसाठी मदमत्त नर हवा होता. शब्दांचा साठा त्याच्याभोवती वाढला, कारण पगार देणारा राजा होता. हत्तिणीला नियमात तेवढी जागा मिळाली, हेही कमी नाही.

हत्तिणीचा मान राखणारी एक गोष्ट मात्र आपल्या परंपरेत आहे. हत्तींच्या वैद्यकाचा आद्य ग्रंथ हस्त्यायुर्वेद; पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९४ मध्ये छापला. त्याचा कर्ता पालकाप्य मुनी. आख्यायिका सांगते की हा ऋषी हत्तिणीच्या पोटी जन्मला आणि कळपात वाढला. पुढे अंग देशाच्या रोमपाद राजाने त्याच्याकडून हत्तींचे शास्त्र ऐकले. मातंगलीला या नंतरच्या ग्रंथात पिल्लाला वर्षागणिक नाव आहे: पहिल्या वर्षी बाल, मग पुच्चुक, उपसर्प, बर्बर आणि पाचव्या वर्षी कलभ. जन्मल्यानंतर इतके बारकावे. पण जन्मापूर्वीच्या काळासाठी असा शब्दसंभार मला कुठे आढळला नाही.

हा काळ काही थोडाथोडका नाही. बाईच्या वाट्याला ‘नऊ महिने नऊ दिवस’ आहेत आणि डोहाळे आहेत. डोहाळ्यांच्या मुळाशी असलेल्या दोहद या शब्दामागे आयुर्वेदाला आई आणि गर्भ अशी दोन हृदये दिसली. हत्तीण जवळजवळ बावीस महिने गाभण असते. सस्तन प्राण्यांत एवढे लांब गर्भारपण दुसरे नाही. इथे वात्सल्य या शब्दाकडे पाहू. तो वत्सवरून आला आणि वत्सल ही मुळात वासरावर जीव लावणारी गाय. पण वत्सच्या आत वर्ष दडलेले आहे. वत्सर, संवत्सर हे त्याचे भाऊबंद. लॅटिनमधले वासराचे नाव विटुलुस आणि म्हातारा या अर्थाचे वेटुस हे दूरचे नातलग. वत्स म्हणजे वर्षाचा. वत्सरूपचे वच्छरूव आणि त्याचे वासरू झाले. या हिशोबाने हत्तिणीचे पिल्लू पोटात असतानाच वत्साचे वय ओलांडते. वात्सल्याची मुदत संपल्यावर ते शंभरेक किलोचे होऊन बाहेर येते आणि तासा-दोन तासांत चार पायांवर उभे राहते.

एवढा काळ गर्भ टिकतो कसा, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे छळत होता. इतर प्राण्यांत बीज सुटल्यावर अंडाशयात एक पिवळी गाठ बनते आणि ती गर्भ राखणारे संप्रेरक पाझरत राहते. हत्तिणीत अशा गाठी एकाऐवजी कित्येक असतात. बीज न सोडणारी ती पहिली लाट वाया जात नाही. जास्तीच्या गाठी तयार करण्याचे काम तीच करते. शिवाय हत्तिणीच्या रक्तात गर्भ राखण्याचे मुख्य काम नेहमीचे प्रोजेस्टेरॉन करत नाही. त्याचे थोडे बदललेले भावंड करते. त्यामुळे सुरुवातीच्या संशोधकांना हत्तिणीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन नगण्य दिसे आणि ते बुचकळ्यात पडत. प्रसूतीच्या दोन-चार दिवस आधी हे संप्रेरक एकदम खाली येते. आज प्राणिसंग्रहालयांत रोज रक्त तपासून त्या घसरणीची वाट पाहतात.

आणि मग पान्हा. मराठीतल्या सर्वांत सुंदर शब्दांच्या यादीत मी हा फार वर ठेवीन. संस्कृतात स्नु म्हणजे पाझरणे. प्रस्नव म्हणजे आईच्या स्तनातून आपोआप सुटणारी दुधाची धार. प्राकृतात त्याचा पण्हव झाला, मराठीत पान्हा. पान्हा म्हणजे दूध नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. दूध कासेत असते. पान्हा ही ते सुटण्याची घटना आहे. तो फुटतो, दाटतो, आटतो. गाय पान्हवते. वासराने कासेला ढुशी दिली, त्याचा वास आला, की ती पान्हा सोडते. अनोळखी माणूस आला, कुत्रे भुंकले, की ती पान्हा चोरते. चोरते हे क्रियापद कुणा अज्ञात गवळ्याच्या निरीक्षणाला दिलेले प्रशस्तिपत्र आहे. कासेला स्पर्श झाला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते, ते रक्तातून कासेशी पोचते, दुधाच्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि धार लागते. भीतीने ॲड्रेनलिन उसळले की हा मार्ग अडतो. दूध आतच राहते. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे धरण्याची जुनी रीत होती. तिलाही हेच ठाऊक होते.

पान्ह्याचा जोडीदार तान्हा. याचे मूळ तहान, म्हणजे तृष्णा, असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. दूध पिणारे ते तान्हे, अर्थ बसतोही छान. पण संस्कृतात तर्णक म्हणजे नुकते जन्मलेले वासरू, आणि व्युत्पत्तिकार तान्ह्याला त्याच्याकडे नेतात. विदर्भातल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरेसोरे लाकडी बैल ओढत निघतात, तो तान्हा पोळा. थोडक्यात, वात्सल्य, पान्हा, तान्हा ही मराठी आईपणाची तिन्ही नाणी गोठ्याच्या टांकसाळीत पडलेली आहेत.

हत्तिणीला ती चालतात का? चालतात, आणि बरीच नीट. तिचे दोन स्तन पुढच्या पायांच्या मध्ये असतात, बाईसारखे छातीशी. पिल्लू सोंड बाजूला सारून तोंडानेच पिते. नवख्या पाहुण्यांची समजूत असते की ते सोंडेने ओढते. पिणे दोन-तीन वर्षे, कधी त्याहून अधिक चालते. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन तर गर्भारपणाच्या साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासूनच वाढू लागते, पिल्लू यायला सव्वा वर्षाहून अधिक काळ बाकी असताना.

या रसायनांची नावे परदेशी. १९०५ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द पहिल्यांदा वापरला. ग्रीक क्रियापद घेतले ते चेतवणे, पुढे ढकलणे या अर्थाचे. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी त्याला संप्रेरक म्हटले. जड वाटतो, पण काम चोख आहे. ईर् म्हणजे हलवणे. त्याच धातूतून प्रेरणा आली आणि वाऱ्याचे नाव समीरही आले. हॉर्मोन आणि ऊर्मी यांचे ध्वनी जुळतात म्हणून नाते जोडू नये. ऊर्मी म्हणजे लाट, तिचे घराणे निराळे. ऑक्सिटोसिनमध्ये ‘शीघ्र’ आणि ‘प्रसूती’ असे दोन ग्रीक शब्द आहेत. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना पीयूषिकेच्या अर्काने गर्भाशय आवळताना दिसले, त्यावरून हे नाव पडले. पान्ह्याशी त्याचा संबंध नंतर कळला, नावात आलाच नाही. हे रसायन गवळ्यांच्या सल्ल्याने बारशाला बसले असते तर त्याचे नाव वेगळे झाले असते. दुर्दैव असे की गोठ्यात ते शेवटी आले ते इंजेक्शन होऊन, गायी-म्हशींचा पान्हा जबरदस्तीने काढण्यासाठी, आणि केंद्र सरकारला २०१८ मध्ये त्याच्या उत्पादनावर निर्बंध घालण्याचा प्रयत्न करावा लागला.

आलापल्ली-अहेरीच्या रानात वनखात्याने हत्ती पाळले ते सागवानाचे ओंडके ओढण्यासाठी. आज अहेरी तालुक्यातल्या कमलापूरचा कॅम्प हा महाराष्ट्रातला एकमेव सरकारी हत्ती कॅम्प म्हणून ओळखला जातो. तिथली शब्दसंपत्ती मिश्र आहे. माहूत हा महामात्राचा वंशज. अशोकाच्या राज्यात धर्ममहामात्र बडे अधिकारी होते. पद घसरत घसरत हत्तीच्या मानेवर येऊन बसले, आणि खरे तर तिथून ते उंचच झाले. त्याच्या जोडीला चारा तोडणारा ‘चाराकटर’, अर्धा देशी अर्धा विलायती. दर हिवाळ्यात हत्तींना काही दिवस विश्रांती मिळते, तेव्हा औषधी काढ्याने त्यांचे पाय शेकतात. त्याला ‘चोपिंग’ म्हणतात. कानाला इंग्रजी वाटते, पण माझ्या मते त्यात आपले चोपडणेच बसले आहे. कॅम्पच्या आसपासच्या माडिया-गोंडी वस्त्यांत हत्ती म्हणजे एनी, आणि सिरोंच्याच्या तेलुगू बोलणाऱ्यांचा तो एनुगु. कन्नड आने, तमिळ यानै ही त्याच घरची. हंपीजवळच्या आनेगुंदीत हाच हत्ती आहे. आपले पिल्लू तेलुगूतल्या पिल्लशी जुळते. फारसी पील आणि पीलखाना यांच्याशी मात्र त्याचे काही नाते नाही.

कळपात पिल्लू एकट्या आईचे नसते. मावश्या, मोठ्या बहिणी त्याला घेरून चालतात, चिखलातून काढतात, कधी पाजतातही. दाई हा शब्द इथे नेमका बसतो. आपल्याकडे तो फारसीतून आला, पण त्याच्या मुळाशी धेनूतला तोच धे आहे. आजीचे वजन तर आकड्यांतच मोजले गेले आहे. म्यानमारमधल्या लाकूडवाहू हत्तींच्या नोंदींवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वीस वर्षांखालच्या कोवळ्या आयांच्या पिल्लांना, आजी जवळ असेल तर, मृत्यूचा धोका आठपटीने कमी असतो. आजी हा आर्यापासून आलेला मानाचा शब्द; आर्या, अज्जा, आजी. हत्तींची बदली करताना कागदावर नग मोजले जातात, नाती मोजली जात नाहीत. २०२२ मध्ये ताडोबातले हत्ती गुजरातेत जामनगरला गेले आणि कमलापूरचे हत्ती नेऊ नयेत म्हणून लोक आग्रहाने उभे राहिले. त्या वादात पर्यटनाची चर्चा पुष्कळ झाली. आजी कुणाची कोण, हा प्रश्न कमी विचारला गेला.

रानटी कळपाचेही तसेच. पुढे चालणारी, पाणी कुठे आणि धान कुठे हे लक्षात ठेवणारी वयस्क हत्तीण असते. बातमीचा मथळा मात्र टस्करचा. फटाके, टेंभे आणि मोबाइल घेऊन मागे धावणाऱ्या जमावाला कळपाच्या मधोमध असलेली पाजती हत्तीण दिसत नाही. ज्या गावात गायीसमोर कुत्रे भुंकले तर पान्हा चोरते हे लहान पोराला ठाऊक आहे, त्या गावाला हे समजावून सांगणे कठीण जाऊ नये.

गडचिरोली-चंद्रपूरच्या वार्ताहरांना म्हणून दोन विनंत्या. ‘मादी हत्ती’ लिहिणे सोडा, हत्तीण लिहा. गाभण असेल तर गाभण हत्तीण, पाजणारी असेल तर लेकुरवाळी हत्तीण. आणि झाडीबोलीत, माडियात किंवा सिरोंच्याच्या तेलुगूत हत्तिणीच्या पिल्लाला, तिच्या गाभणपणाला किंवा पान्ह्याला कुणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी वेगळा शब्द ऐकलात, तर तो बातमीत तसाच छापा.